आठ तासांचा कोरडा कागद

कारखान्यात मला सगळे मावशी म्हणतात. गेटवरचा पहारेकरी, भट्टीवाला, अगदी मोठे साहेबसुद्धा. खरी मावशी मी एकटीचीच आहे, आणि ती एकटी कारखान्यात मला अशी परक्यासारखी हाक मारते की एक ठेवून द्यावीशी वाटते. तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, गेली तेव्हा ही सात वर्षांची होती. वेण्या मी घातल्या, पाढे मी घोकून घेतले, ताप आला की उशाशी मी बसले. आता ती इंजिनीयर होऊन नकाशे काढते आणि तिच्या नकाशातून जे तयार होतं ते मी धुते. कुणाला त्यात कमीपणा वाटत असेल तर वाटू दे, मला कधी वाटला नाही.

जे तयार होतं ती कॉइल. खोली गार करायचं यंत्र भिंतीवर लावलेलं असतं ना, त्याच्या पोटात ही असते. नळ्यांतून गार गॅस फिरतो, नळ्यांना पातळ पत्रा चिकटलेला असतो, पंखा त्यातून हवा ढकलतो आणि हवा गार होऊन बाहेर येते. आमच्या कंपनीची जुनी कॉइल तांब्याच्या गोल नळ्यांची, उशीएवढी जाड. पोरीने काढलेली तिच्या निम्मी. सगळी अॅल्युमिनियमची, नळ्या शाळेतल्या पट्टीसारख्या चपट्या, आणि दोन नळ्यांच्या मध्ये पत्र्याची बारीक नागमोडी घडी. निम्म्या जागेत तेवढाच गारवा आणि गॅसही निम्मा लागायचा. मला त्यातलं फार कळत नाही, पण हातात घेतली की कळायचं, हे काम नेटकं आहे.

घोडं अडलं होतं ते पाण्यात. गार कॉइलवर हवेतला ओलावा बसतो आणि त्याचं पाणी होतं. जुन्या कॉइलवरून ते ओघळून खालच्या पन्हळीत जायचं. नव्या कॉइलच्या घड्या इतक्या जवळजवळ की पाणी तिथेच अडकून बसणार, हवेची वाट बंद करणार, आणि मग पंखा तेच थेंब उडवून समोर फेकणार. झोपलेल्या माणसाच्या तोंडावर पाणी मारणारं यंत्र कोण विकत घेईल?

म्हणून आमच्याकडे कागदाची परीक्षा असते. एका बंद खोलीत मुद्दाम दमट, उकडतं हवामान तयार करतात, यंत्र आठ तास चालवतात आणि समोर जमिनीवर मोठा खाकी कागद पसरतात. थेंब पडला की खाकीवर काळपट डाग उठतो. एक डाग दिसला की नापास. परीक्षा घेणारे आकडेमास्तर, म्हणजे मापं घेणारा आमचा म्हातारा. त्याला 'आज उकडतंय' म्हटलं तर आधी तापमापक बघतो आणि मग हो म्हणतो.

पोरीने चार वर्षं या कारखान्यात खोक्यांवरची लेबलं आखण्यात घालवली होती. खरेदीवाले बाहेरून तयार कॉइल आणायला टपलेलेच होते. शेवटी मोठे साहेब म्हणाले, एक वर्ष देतो. वर्षाच्या शेवटी गिऱ्हाइकांसमोर कागदाची परीक्षा. पास झालीस तर कॉइल आपणच बनवू आणि ते खातं तुझ्याकडे. नापास झालीस तर बाहेरची घेऊ, आणि तू परत लेबलांवर. त्या दिवशी ती घरी आली आणि जेवताना एक शब्द बोलली नाही. आनंद झाला की ती अशीच गप्प बसते, लहानपणापासून.

आता माझं काम सांगते. कॉइल भट्टीतून जोडून आली की तिच्यावर तेल असतं, राख असते. ती धुतल्याशिवाय आकडेमास्तर आत घेत नाहीत. भिंतीवर पाटी लावली आहे, लॅबच्या निळ्या पाण्यात दहा मिनिटं बुडवा, मग साध्या पाण्यातून तीनदा काढा. त्या निळ्या पाण्याला फेस म्हणून येत नाही. फेस नाही म्हणजे ते काय डोंबल साफ करणार? मी चाळीस वर्षं भांडी घासली आहेत, मला कोणी शिकवू नये. मी घरून भांड्यांची पावडर पुडीत बांधून आणायची आणि मूठभर टाकायची. वरून पाणी एकदाच घ्यायची, कारण तीनदा घेतलं की सगळी चमक जाते, असं माझं मत होतं.

आणि कॉइल पास होत गेल्या की हो. चार महिन्यांत चार कॉइल, चारही वेळा कागद ठणठणीत कोरडा. आकडेमास्तरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मोठे साहेब धुण्याच्या खोलीपर्यंत येऊन पोरीची पाठ थोपटून गेले, आणि मी अशी उभी होते जशी कॉइल मीच काढली.

मग माझ्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. आठवडाभर पाण्यात हात घालायचा नाही, असं डॉक्टरने बजावलं. मी घरी बसले. त्या आठवड्यात पाचवी कॉइल आली आणि ती आकडेमास्तरांनी स्वतः धुतली, पाटीवर लिहिल्याबरहुकूम, हातात घड्याळ धरून. दुसऱ्या तासाला पहिला डाग पडला आणि आठव्या तासाला कागद गोवर आल्यासारखा झाला.

पोरीच्या तोंडचं पाणी पळालं. तिने पंखा तपासला, गॅस तपासला, आणि भट्टीवाल्याला तर भंडावून सोडलं. बिचारा मला फोन करून म्हणाला, "मावशी, भाचीला आवरा. मी पंचवीस वर्षं भट्टी सांभाळतोय, माझ्या बायकोनेही मला इतके प्रश्न विचारले नाहीत."

गुरुवारी मी काळा चष्मा लावून कामावर गेले. गिऱ्हाइकांसमोरची परीक्षा पुढच्या शुक्रवारी, म्हणजे मध्ये आठ दिवस. नापास कॉइल माझ्याच टेबलावर पडली होती. मी सवयीने तिच्यावर तांब्याभर पाणी ओतलं. पाणी घड्यांमध्ये थेंब थेंब होऊन अडकलं आणि हलेना. माझ्या हातच्या कॉइलवर असं कधी व्हायचं नाही, पाणी पसरून सरळ खाली जायचं. मी तीच कॉइल माझ्या पावडरीच्या पाण्यात बुडवली, एकदा विसळली आणि पुन्हा तांब्या ओतला. पाणी सर्रकन निघून गेलं.

मला विज्ञान येत नाही, पण साबण लागलेल्या ताटावर पाणी कसं पसरतं आणि स्वच्छ ताटावर कसे थेंब धरतं, हे मला कोणी सांगायला नको. चारही कॉइल पास झाल्या नव्हत्या. माझी पावडर पास झाली होती.

तेवढ्यात पोरगी आली. डोळ्यांखाली काळं, केस कसेतरी बांधलेले. म्हणाली, "मावशी, शुक्रवारची कॉइल तूच धू. तुझ्या हाताला यश आहे."

मी हो म्हणाले. खोटं कशाला सांगू, मी हो म्हणाले. दिवसभर मनात एकच, गप्प बसलं तर काय बिघडतं? मूठभर पावडर, आठ तास, कागद कोरडा, आणि पोरगी जन्मभर लेबलांपासून सुटली. कुणाला कळणार आहे? वर्षभर तिने जे केलं ते काय मूठभर साबणाच्या लायकीचं नव्हतं?

संध्याकाळी जेवायला बसलो. ती जरा सावरली होती. म्हणाली, "पास झालं ना, की पहिलं यंत्र आपल्याकडे. तुझ्या पलंगाच्या वर लावायचं. किती वर्षं उकाड्यात झोपतेस."

घास माझ्या हातातच राहिला. पावडर महिनाभरात धुऊन जाईल आणि मग थेंब माझ्याच तोंडावर पडतील. आणि माझ्यासारख्या हजार जणींच्या. आणि प्रत्येक थेंबाला लोक तिचं नाव घेतील.

"तुला एक सांगायचंय," मी म्हणाले आणि सांगून टाकलं. पुडीचं सांगितलं, एकदाच विसळण्याचं सांगितलं, तांब्याचंही सांगितलं.

मला वाटलं, आता ओरडेल. ती म्हणाली, "मूठभर म्हणजे किती?"

"मूठभर म्हणजे मूठभर."

"दाखव."

मी डब्यातून पावडर काढून मूठ दाखवली. तिने ती वाटीत घेतली, चमच्याने मोजली, कागदावर आकडा लिहिला. मग पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "म्हणजे चार महिने मी साबणाची परीक्षा घेत होते." एवढं बोलून ती उठून जिन्यात जाऊन बसली. मी मागे गेले नाही. मला तिचं तोंड बघवत नव्हतं आणि माझंही तिला दाखवायचं नव्हतं. थोड्या वेळाने आत आली तेव्हा चांगलीच तापली होती. पाटी कशासाठी लावतात, वाचता येत नाही का, माझं वर्ष गेलं, असं सगळं बोलली. मी ऐकून घेतलं.

शेवटी थकून म्हणाली, "कशाला सांगितलंस? पास झाले असते ना मी."

"माझ्या पलंगावर गळलं असतं," मी म्हणाले.

तिला हसू आलं. रडतारडता आलं, पण आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला घेऊन थेट मोठ्या साहेबांकडे गेली. म्हणाली, "साहेब, त्या चार पासांपैकी एकही खरा नाही," आणि कारण सांगितलं. माझ्याकडे बोट दाखवलं नाही, पण दाखवायची गरजही नव्हती, कॉइल धुणारी मी एकटीच. साहेब खुर्चीत मागे रेलले. "हे मला परीक्षेनंतर कळलं असतं तर मी तुला काढून टाकलं असतं," ते म्हणाले. "आता ऐक. पुढचा शुक्रवार बदलणार नाही, गिऱ्हाइकं येणार आहेत. काय करायचं ते कर. कॉइल पाटीवर लिहिलंय तशीच धुतली जाईल." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमचं नंतर बघू."

हे 'नंतर बघू' मी पुढचा आठवडाभर उशाशी घेऊन झोपले.

धुण्याच्या खोलीत परत आलो. पोरीने बाह्या वर केल्या आणि ती नापास कॉइल स्वतः धुतली. निळं पाणी, दहा मिनिटं, तीन वेळा साधं पाणी. मग ती फळीवर ठेवायला लागली. नळ्या आडव्या, यंत्रात बसते तशीच. मी तिच्या हातातून ओढून घेतली.

"आडवी नको ठेवूस, दुपारपर्यंत गळत बसेल." मी कॉइल फिरवून टोकावर उभी केली, नळ्या वरून खाली. झटका बसावा तसं तिच्यातलं पाणी नळ्यांच्या कडेकडेने निघालं आणि टपाटपा खाली पडलं. "अशी ठेवली की दहा मिनिटांत कोरडी."

"साबण नसताना पण?"

"साबणाचं काय घेऊन बसलीस, ताटंसुद्धा उभीच लावतात."

तिने कॉइल माझ्या हातातून घेतली. मग आडवी केली, पाणी ओतलं. पाणी थांबलं. उभी केली. पाणी गेलं. असं तिने सात वेळा केलं, मी मोजलं. "हे तुला कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून. विचारलं का कोणी?"

जुन्या कॉइलच्या नळ्या आडव्या होत्या म्हणून नवीच्याही आडव्या काढल्या होत्या. तिने, तिच्या आधीच्यांनी, बाहेरच्या कंपन्यांनीही. ती नकाशाघराकडे धावली. चप्पल एक माझ्या दारातच राहिली.

आता कोणी म्हणेल, मावशीने दाखवलं आणि झालं. कसलं काय. माझं शहाणपण तिथेच संपलं. आडव्या असताना बारा लांब नळ्या होत्या, उभ्या केल्यावर चौसष्ट आखूड झाल्या, आणि त्या सगळ्यांना गॅस पुरवणारी मोठी नळी खाली आडवी आली. गॅस तिच्यात अर्धा पातळ, अर्धा वाफ असा शिरतो. पातळ भाग जोरात शेवटच्या टोकाला जाऊन धडकायचा आणि शेवटच्या नळ्या सगळा पिऊन टाकायच्या. पहिल्या नळ्या उपाशी. आकडेमास्तरांच्याकडे उष्णता दाखवणारा एक पडदा आहे, त्यावर गार जागा निळी दिसते आणि गरम लाल. पहिली उभी कॉइल लावली तेव्हा एक टोक निळं आणि बाकी सगळी लालभडक. कागद कोरडा होता, पण खोली गार होत नव्हती, मग त्या कागदाला काय चाटायचंय?

सोमवारी तिने मोठ्या नळीच्या पोटात एक बारीक नळी घातली, तिला सारख्या अंतरावर सारखी भोकं पाडून, म्हणजे गॅस वाटेतच जागोजागी फवारला जाईल. निम्मी कॉइल निळी झाली. मंगळवारी दूरच्या टोकाची भोकं बारीक केली. पाऊण निळी. भट्टीवाला आता रागावत नव्हता, डबा न उघडता भट्टीपाशी उभा असायचा आणि कॉइल बाहेर काढताना श्वास रोखायचा. बुधवारी दोन वेळा केलं, दोन्ही वेळा मधला पट्टा लाल राहिला. ती डोकं धरून बसली. मला सांगायला काही नव्हतं, मी तिच्यापुढे डबा उघडून ठेवला आणि चमचा हातात दिला. निदान तेवढं मला येतं.

जेवताजेवता ती थांबली. भोकांची तोंडं वरच्या बाजूला होती, नळ्यांकडे. तिने ती खाली केली, म्हणजे फवारा आधी मोठ्या नळीच्या तळावर आपटेल, पसरेल आणि मग वर चढेल. गुरुवारी दुपारी पडदा लावला तेव्हा कॉइल या टोकापासून त्या टोकापर्यंत निळी होती. आकडेमास्तर तोंडातून 'वा' काढत नाहीत. ते पडद्याकडे बघत म्हणाले, "टोकाटोकांत फरक अर्ध्या अंशाचा." मग पोरीकडे बघून हळूच म्हणाले, "अर्ध्याहूनही कमी आहे, खरं तर."

शुक्रवारी मी कॉइल धुतली. आकडेमास्तर घड्याळ घेऊन शेजारी उभे राहिले, जसं काही मी चोरी करणार होते. गेटवर पहारेकऱ्याने माझी पिशवीसुद्धा उघडून बघितली, साहेबांचा हुकूम होता. दहा मिनिटं, मग एक, दोन, तीन वेळा पाणी. तिसऱ्यांदा पाण्यात घालताना मी म्हटलं, "बघा मास्तर, सगळी चमक चालली." ते म्हणाले, "चमक मोजायचं यंत्र आपल्याकडे नाही."

सकाळी नऊला दार बंद झालं. गिऱ्हाइकं चार, त्यांच्यात एक पांढऱ्या केसांची बाई होती, ती काचेतून कागदावरची नजर हलवत नव्हती. खरेदीवाल्यांचा मुख्य तिच्याजवळ उभा राहून बाहेरच्या कॉइलचे गुण गात होता. पहिला तास गेला. दुसरा गेला, ज्यात मागच्या वेळी पहिला डाग पडला होता. दुपारी पोरीने काही खाल्लं नाही. मी पण नाही. चौथ्या तासाला आत धुक्यासारखं दमट झालं, काचेवर वाफ धरली, आणि कॉइलच्या खालून पन्हळीत पाणी बारीक धारेने सतत पडत होतं. मी ती धार बघत बसले. इतकी वर्षं पाण्यात काढली, पण पाण्याकडे बघून मला असं कधी भरून आलं नव्हतं. सातव्या तासाला खरेदीवाला गुण गायचा थांबला.

पाच वाजता मास्तरांनी दार उघडलं. आत कोणी जायचं नाही, असा नियम. ते एकटे गेले, गुडघ्यावर बसले, नाकाला कागद लागेल इतके वाकले आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत रांगत गेले. मग उठले, कपडे झटकले आणि बाहेर येऊन वहीत बघून वाचलं, "आठ तास. पन्हळीत पाणी साडेअकरा लिटर. कागदावर शून्य." मग पान उलटून म्हणाले, "जुन्या कॉइलपेक्षा गारवा सहा टक्के जास्त."

पांढऱ्या केसांची बाई आत गेली, चप्पल काढून कागदावर उभी राहिली, आणि तिने अनवाणी चालून बघितलं. परत येऊन पोरीला म्हणाली, "हे मी माझ्या घरी लावीन." भट्टीवाल्याने मला खांद्याला धरून गदागदा हलवलं, तेही ऑपरेशन झालेल्या बाईला. साहेबांनी नकाशा मागवला. आजवर प्रत्येक नकाशावर सही त्यांची असायची. त्यांनी पेन पोरीच्या हातात दिलं. तिने सही केली, आणि मग सगळ्यांसमोर, चार गिऱ्हाइकं, खरेदीवाला, सगळे बघत असताना, वळून मला मिठी मारली आणि घरात मारते तशी 'मावशे' अशी हाक मारली. अशी रडले मी. डॉक्टरने डोळ्यांत पाणी जाऊ देऊ नका म्हणून सांगितलं होतं, पण ते बाहेरून जाणाऱ्याचं असावं.

जाताना साहेब धुण्याच्या खोलीत आले. "तुमचं बघायचं राहिलं होतं," ते म्हणाले. मी सरळ उभी राहिले. त्यांनी भिंतीवरच्या पाटीखाली पेनने एक ओळ वाढवली, धुतल्यावर कॉइल उभी ठेवावी. मग म्हणाले, "पावडर घरी. आणि पुढच्या वेळी काही दिसलं तर कोणी विचारायची वाट बघू नका." गेले.

तो खाकी कागद मास्तरांनी घडी घालून पोरीला दिला. तिने घरी आल्याआल्या स्वयंपाकघरात, भांडी घासायच्या जागेच्या वर, चार खिळ्यांनी भिंतीला ठोकला. मी म्हटलं, इथे कशाला. ती म्हणाली, इथेच. मी भांडी घासायला घेतली, भरपूर पावडर टाकून, घरात मला कोण अडवणार? पहिलं ताट विसळलं आणि पाच-सहा थेंब उडून बरोबर कागदाच्या मधोमध बसले.

पोरीने मागून येऊन बघितलं. कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "नापास."

"घे मग," मी म्हणाले आणि ओल्या हातांचं पाणी तिच्या तोंडावर उडवलं.